प्रिऑनवर डॉक्सीसायक्लिन: मेंदूत किती पोहोचते, कधी पोहोचते

प्रश्न थोडक्यात असा. दांडिया बाजारात राहणारी आणि बडोद्यातच एम.फार्म. करणारी विद्यार्थिनी विचारते: शेजारच्या काकांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजार, म्हणजे सीजेडी, असल्याचे न्यूरोलॉजिस्टने सांगितले आहे. हा प्रिऑन नावाच्या, चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा असाध्य आजार. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने आजाराचा वेग मंदावतो असे काकूंच्या वाचनात आले. कॅप्सूल कोणत्याही केमिस्टकडे मिळते, मग द्यायची का? दुसरा प्रश्न तिचा स्वतःचा: प्रबंधासाठी टेट्रासायक्लिन गटातली (डॉक्सीसायक्लिन याच गटातले) औषधे प्रिऑन प्रथिनावर तपासायची आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि प्रयोगशाळेत इतके चांगले चाललेले औषध माणसात का पडले?

काकूंचे उत्तर आधी, कारण या आजारात आठवडेही मोजके असतात.

डॉक्सीसायक्लिनने सीजेडीच्या रुग्णाचे आयुष्य वाढते याला भक्कम पुरावा नाही. इटली आणि फ्रान्समध्ये मिळून १२१ रुग्णांवर डबल-ब्लाइंड चाचणी झाली, म्हणजे कोणाला काय मिळते ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. ६२ जणांना रोज १०० मिलीग्रॅम डॉक्सीसायक्लिन आणि ५९ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, तेही अखेरपर्यंत. २०१४ साली निकाल छापून आले: दोन्ही गट सारखेच जगले. मृत्यूच्या धोक्याचे गुणोत्तर १.१ होते, म्हणजे कल असलाच तर औषधाच्या विरुद्ध. मध्यंतरीच्या आकडेवारीतच फायद्याची शक्यता दिसेना म्हणून चाचणी वेळेआधी थांबवावी लागली होती.

कॅप्सूलचा विचार करण्यापूर्वी निदान कशावर उभे आहे ते विचारून घ्या. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात मेंदूच्या सालीवर रिबिनीसारखा पांढरा पट्टा किंवा मेंदूच्या आतल्या कॉडेट-पुटामेन या भागांत चमक आहे का? पाठीतल्या पाण्याची आरटी-क्विक तपासणी, म्हणजे त्यात प्रिऑनचे बीज आहे का ते पाहणारी, झाली का? त्याच पाण्यात १४-३-३ हे, मेंदूच्या पेशींना इजा झाली की दिसणारे, प्रथिन वाढले म्हणजे सीजेडी असे नव्हे. ताज्या पक्षाघातात, एन्सेफलायटिसमध्ये, लागोपाठच्या फिट्सनंतरही ते वाढते. काही आठवड्यांत स्मृती आणि तोल गेलेल्या रुग्णात एलजीआय-१ सारख्या प्रतिपिंडांमुळे होणारा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, थायरॉइडच्या प्रतिपिंडांशी जोडलेला मेंदूदाह, बी-१२ची तीव्र कमतरता, सिफिलिस, एचआयव्ही, लिथियमची विषबाधा हे सगळे तपासून बाजूला काढावे लागते, कारण यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत. "अमक्याला सीजेडी होता आणि अँटिबायोटिकने बरा झाला" अशा गोष्टी फिरतात, त्यांच्या मुळाशी जवळजवळ नेहमी चुकलेले निदान असते. प्रिऑन आजारातून आजवर औषधाने कोणी बरे झालेले नाही.

पाठीतले पाणी पाठवायचे असेल तर ते पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत घ्यावे आणि लगेच गोठवावे, शक्यतो उणे ८० अंशाला. सुई टोचताना रक्त मिसळले तर आरटी-क्विकची प्रक्रिया दबते आणि आजार असूनही निकाल 'नाही' येतो. म्हणून पहिले लालसर थेंब वेगळ्या नळीत घेऊन नंतरचे स्वच्छ पाणी पाठवतात. ही गोष्ट साधी आहे, पण नमुना वाया जाण्याचे मोठे कारण हेच. भारतात या आजाराची नोंदणी आणि तपासणीचा अनुभव बेंगळुरूच्या निम्हान्सकडे आहे. काकांचे डॉक्टर तिथे विचारू शकतात.

एवढे कळूनही घरच्यांनी आग्रह धरला आणि डॉक्टर तयार झाले, तर १०० मिलीग्रॅम रोज ही मात्रा फार घातक नाही. पण या रुग्णांत तिचे तोटे नेहमीपेक्षा जास्त असतात. गिळणे बिघडलेले असते. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जळून व्रण होतो, म्हणून आडवे असताना किंवा घोटभर पाण्यावर ती कधीच देऊ नये. नाकातली नळी असेल तर पाण्यात विरघळणारी गोळी लागते. तिच्या आसपास दूध, कॅल्शियम, लोह, अँटासिड चालत नाही. ही द्रव्ये टेट्रासायक्लिनला पोटातच बांधून टाकतात, आणि नळीवाटे जाणारा बहुतेक आहार दुधाच्या पावडरचाच असतो. आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपीन किंवा फेनोबार्बिटाल चालू असेल तर यकृत डॉक्सीसायक्लिन इतक्या वेगाने मोडते की त्याचा अर्धायुष्यकाळ, जो एरवी १६ ते २२ तास असतो, निम्म्याच्या आसपास येतो. झटक्यांसाठी लेव्हेटिरासेटाम किंवा क्लोनाझेपाम असेल तर ही अडचण नाही. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप, वाढतो. शिवाय महिनोन्महिने अँटिबायोटिक दिल्यावर जुलाब लागले तर ते आजाराचे समजून सोडून देऊ नयेत, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूची तपासणी करावी.

माझा कल न देण्याकडे आहे. काकूंची शक्ती आणि पैसा शय्याव्रण टाळणारी गादी, गिळण्याचे प्रशिक्षण आणि झटक्यांवर नीट औषध यांकडे वळला तर काकांना त्याचा उपयोग जास्त. एक धीर मात्र जरूर द्या: शेजारी बसल्याने, हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही.

आता तुमचा प्रश्न.

टेट्रासायक्लिन जिवाणूच्या ३०-एस रायबोसोमला चिकटून त्याची प्रथिननिर्मिती बंद पाडते. प्रिऑनकडे रायबोसोम नाही, डीएनए नाही, आरएनए नाही. आपल्याच पेशींवरचे पीआरपी नावाचे प्रथिन चुकीच्या घडीत बसते आणि शेजारच्या धडधाकट पीआरपीला तीच घडी घालायला लावते. १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनर यांनी प्रिऑन हे नाव दिले ते एवढ्याचसाठी. तेव्हा इथे औषधाचा 'अँटिबायोटिक' गुण कामाचा नाही, त्याच्या रेणूचा चपटा, चार कड्यांचा आकार कामाचा आहे. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर हे स्पष्ट लिहा. नाहीतर परीक्षक विचारतील की मग अझिथ्रोमायसिन का नाही, आणि उत्तर सुचणार नाही. अलेंबिक कंपनीच्या एरिथ्रोमायसिनमुळे बडोद्याच्या घराघरात अल्थ्रोसिन हे नाव ठाऊक आहे, पण या मॅक्रोलाइड गटाचा मोठा वळणदार रेणू आणि टेट्रासायक्लिनचा सपाट रेणू यांत प्रिऑनच्या दृष्टीने काही नाते नाही.

कल्पना आली कर्करोगाच्या औषधावरून. १९९७ साली मिलानच्या फाब्रित्सियो तालियाव्हिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आयोडो-डॉक्सोरुबिसिन हे अँथ्रासायक्लिन हॅमस्टरमधला स्क्रेपी, म्हणजे मूळचा मेंढ्यांचा प्रिऑन आजार, लांबणीवर टाकते. ते विषारी आणि मेंदूत न शिरणारे. तसाच आकार असलेले, पण पन्नास वर्षे निर्धास्त वापरात असलेले औषध म्हणजे टेट्रासायक्लिन. २००० साली त्याच गटाने ते पीआरपी १०६-१२६ या २१ अमिनो आम्लांच्या तुकड्यावर लावले, तेव्हा तंतू बनणे थांबले आणि बनलेले तंतू प्रथिने तोडणाऱ्या प्रोटीनेझला पुन्हा बळी पडू लागले. २००२ साली जानलुईजी फोर्लोनी आणि मंडळींनी प्रिऑनग्रस्त मेंदूच्या लगद्यावर १० मायक्रोमोलर ते १ मिलीमोलर औषध लावून हेच दाखवले. मग १ मिलीमोलर औषधात भिजवलेला २६३-के या स्क्रेपीच्या जातीचा लगदा हॅमस्टरच्या मेंदूत टोचला. आजार उशिरा आला.

इथे थांबून आकडेमोड करा. बऱ्याच प्रबंधांत ती केलेलीच नसते.

डॉक्सीसायक्लिनचे रेणुभार ४४४.४. रोज १०० मिलीग्रॅमवर रक्तातली कमाल पातळी मिलीलीटरमागे साधारण दीड ते तीन मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेतीन ते पावणेसात मायक्रोमोलर. त्यातले ८० ते ९० टक्के रक्तातल्या प्रथिनांना बांधलेले. पाठीतल्या पाण्यात रक्ताच्या १५ ते २५ टक्के पोहोचते. म्हणजे मेंदूभोवती एक मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी. प्रयोगशाळेत सर्वांत कमी वापरलेली मात्रा १० मायक्रोमोलर आणि हॅमस्टरच्या प्रयोगातली १,००० मायक्रोमोलर. दहापट ते हजारपट दरी आहे. रोज ४०० मिलीग्रॅम दिले, जी मात्रा न्यूरोबोरेलिओसिससाठी, म्हणजे मेंदू-मज्जेतल्या लाइम आजारासाठी, वापरली गेली आहे, तरी पाठीतल्या पाण्यातली पातळी दोन-अडीच मायक्रोमोलरवर थांबते. तोंडावाटे हजारपट देता येत नाही, हे सांगायला नको.

दुसरी दरी वेळेची, आणि मला ती पहिल्यापेक्षा मोठी वाटते. विरजणात आधीच काही मिसळून त्याचा जोर मोडला तर दही उशिरा लागणार, पण लागलेल्या दह्यात तेच मिसळून त्याचे दूध होत नाही. २००२ चा प्रयोग विरजणावरचा होता. दही लागायला लागल्यावर काय होते ते त्याच मंडळींनी २००८ साली तपासले. स्नायूत प्रिऑन टोचून लगेच त्याच जागी डॉक्सीसायक्लिन दिले तर हॅमस्टरचे आयुष्य चांगलेच वाढले. पण प्रिऑन थेट मेंदूत गेलेले असताना मेंदूच्या पोकळीत पंपाने मोकळे औषध सोडले, तर काहीच झाले नाही. लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत, भरून दिल्यावर फरक दिसला, तोही जेमतेम दहा टक्क्यांच्या घरातला. माणसात निदान होते तेव्हा आजाराचा मोठा भाग उरकलेला असतो. तुरळक स्वरूपाच्या सीजेडीत लक्षणे सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ बहुधा चार ते सहा महिन्यांचा, आणि त्यातला अर्ध्याहून अधिक निदानातच जातो.

तरीही माणसात फायदा दिसल्याचे सुरुवातीला वाटले होते, ते का? इटलीत आणि जर्मनीत दयाभावाने, चाचणीबाहेर, औषध दिलेले रुग्ण जुन्या नोंदींतल्या रुग्णांपेक्षा जास्त जगले. या तुलनेत एक छुपा दोष असतो. औषध मिळण्यासाठी रुग्णाला निदान होऊन, केंद्रापर्यंत पोहोचून, संमती मिळेपर्यंत जिवंत राहावे लागते. जे झपाट्याने गेले ते आपोआप 'औषध न घेतलेल्या' गटात मोजले गेले. लक्षणांच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर औषधाला न कमावलेले आठवडे मिळतात, म्हणून फ्रान्स-इटलीच्या चाचणीत गट पाडल्याच्या दिवसापासून मोजणी केली. दुसरा दोष उपप्रकारांचा. पीआरएनपी जनुकाच्या १२९ व्या जागी दोन मेथिओनिन असलेले एमएम-१ प्रकारचे रुग्ण सरासरी चार महिन्यांत जातात, तर एक मेथिओनिन आणि एक व्हॅलिन असलेले एमव्ही-२ प्रकारचे सरासरी १७ महिने जगतात. वीस-पंचवीस जणांच्या गटात असे दोन-तीन एमव्ही-२ जास्त आले की पाण्याची गोळीही औषध ठरते. तिसरा दोष शुश्रूषेचा: नळीने आहार आणि न्यूमोनियावर उपचार मिळाला तर रुग्ण बोलणे-हलणे थांबल्यावरही महिने काढतो. हे देशागणिक आणि कुटुंबागणिक बदलते. केवळ मृत्यूची तारीख मोजली तर औषधाचा परिणाम मोजला की शुश्रूषेचा, हे कळत नाही. म्हणूनच नंतर लंडनच्या गटाने २० गुणांची कार्यक्षमता मोजपट्टी बनवली.

२०१७ साली जर्मनीतून आलेला निबंध पुष्कळ जण उलट पुरावा म्हणून दाखवतात. त्यात डबल-ब्लाइंड भागात औषधाचे ७ आणि प्लासिबोचे ५, असे १२ रुग्ण होते. निरीक्षणाच्या भागात ५५ विरुद्ध ३३. दोन्ही जोडून धोक्याचे गुणोत्तर ०.६३ निघाले, विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, ०.४०२ ते ०.९९९ आणि पी ०.०४९ (०.०५ च्या खाली असेल तरच निकाल धरतात). इतक्या काठावरचा आकडा एका रुग्णाच्या हेरफेरीने पलटतो. ०.६३ चा परिणाम खरा असला तर ८० टक्के खात्रीने पकडायला किती मृत्यू मोजावे लागतील? ४ गुणिले (१.९६ + ०.८४) चा वर्ग, भागिले ०.६३ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा वर्ग. उत्तर साधारण १४७. बारा जणांची चाचणी त्याच्या जवळपासही जात नाही. मोठ्या चाचणीतल्या १.१ या आकड्याची विश्वासमर्यादा ०.८ ते १.७ होती, तिच्यात ०.६३ बसत नाही. लवकरच्या टप्प्यात थोडा फायदा असेल, हा जर्मन गटाचा युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

बडोद्यात अशी चाचणी करता येईल का, असे कोणी विचारले तर हिशेब सांगा. आजार वर्षाला दहा लाखांत एक ते दोन. वीस-एक लाखांच्या शहरात वर्षाला दोन ते चार रुग्ण, तेही सगळे ओळखले गेले तर.

लवकर द्यायचे तर लक्षणांच्या आधी द्यावे, हा विचार इटलीत एका घराण्यात राबवला गेला. फेटल फॅमिलियल इन्सोम्निया या झोप उडवणाऱ्या आनुवंशिक प्रिऑन आजाराचे, म्हणजे पीआरपीच्या १७८ व्या जागचा बदल असलेले, ४२ वर्षांवरचे दहा वाहक रोज १०० मिलीग्रॅम डॉक्सीसायक्लिनवर दहा वर्षे ठेवायचे आणि किती जणांना आजार होतो ते जुन्या नोंदींशी ताडायचे, अशी आखणी २०१२ च्या सुमाराची. त्यातली हुशारी वेगळीच. वाहक नसलेल्या १५ नातेवाइकांनाही प्लासिबो देऊन सामील करून घेतले, म्हणजे चाचणीत असण्यावरून कोणालाच आपण वाहक आहोत की नाही ते कळत नाही. घराण्यातल्या असाध्य आजाराची चाचणी भारतात कोणी आखणार असेल तर ही युक्ती जशीच्या तशी उचलावी. आपल्याकडे लग्न जुळवताना अशा बातमीचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

टेट्रासायक्लिनखेरीजची दोन उदाहरणे वाचनात असू द्या. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे अँटिबायोटिक १९८७ साली २६३-के हॅमस्टरमध्ये चालले, इतर प्रिऑन जातींत तितके नाही, माणसात नाहीच. मूत्रपिंडे मात्र बिघडतात. मलेरियावरचे क्विनाक्रीन २००१ साली प्रिऑनग्रस्त ScN2a पेशींत ०.३ मायक्रोमोलरला निम्मा परिणाम देत होते, म्हणजे मेंदूत पोहोचण्याजोग्या मात्रेत. तरी उंदरांत आयुष्य वाढले नाही, ब्रिटनच्या प्रिऑन-१ अभ्यासात आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लासिबो-चाचणीतही नाही. उंदरांच्या मेंदूत औषध भरपूर साचवले तेव्हा प्रिऑन आधी घटले आणि मग औषधाला न जुमानणारे प्रकार वर आले. म्हणजे जिवाणूंप्रमाणे इथेही निवड होते, जनुकांशिवाय. एकाच जातीच्या प्रिऑनवर मिळालेला निकाल 'प्रिऑनवर चालते' असा लिहू नये याचे कारण हे.

आता तुमचे प्रयोगशाळेतले टेबल. संसर्गजन्य मेंदूचा नमुना कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणण्याचा विचारही नको. फ्रान्समध्ये २०१० साली प्रिऑनग्रस्त उंदराच्या मेंदूचे नमुने हाताळताना एका तरुण प्रयोगशाळा कर्मचाऱ्याच्या बोटाला दुहेरी हातमोज्यांतून चिमटा टोचला. २०१९ साली सीजेडीने मृत्यू झाला, आणि २०२१ मध्ये तिथल्या सार्वजनिक संस्थांनी प्रिऑनचे प्रयोग काही महिने थांबवले. तुमच्यासाठी पीआरपी १०६-१२६ पेप्टाइड आणि ई. कोलायमध्ये बनवलेले पुनर्संयोजित पीआरपी पुरे.

औषधाचा साठा बनवताना होणारी चूक: बाटलीत असते डॉक्सीसायक्लिन हायक्लेट, त्याचे रेणुभार ५१२.९. पुष्कळ जण ४४४.४ धरून वजन करतात आणि सगळ्या मात्रा तेरा-चौदा टक्क्यांनी कमी पडतात. १० मिलीमोलर साठ्यासाठी मिलीलीटरमागे ५.१३ मिलीग्रॅम घ्या, पाण्यात विरघळवा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, लहान भाग करून उणे २० अंशाला फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. उजेडात ते तुटते. तपकिरी झालेला साठा टाकून द्या. मात्रांची पायरी ०.१, ०.३, १, ३, १०, ३०, १०० मायक्रोमोलर ठेवा आणि १ मायक्रोमोलरखालचे बिंदू कधीही गाळू नका. माणसाच्या मेंदूशी संबंध असलेले बिंदू तेवढेच.

पेप्टाइड आधी एचएफआयपी या द्रावकात विरघळवून वाळवा, म्हणजे बाटलीतच बनलेले पुंजके मोडतात. ते न केल्यास प्रत्येक खेपेला वाढीची सुरुवात वेगळ्या वेळी होते आणि औषधाचा परिणाम त्या गोंधळात बुडतो. तंतू मोजायला थायोफ्लेविन-टी, म्हणजे तंतूंना चिकटला की चमकणारा रंग, १० मायक्रोमोलर, ४५० नॅनोमीटरवर उत्तेजन, ४८० वर वाचन, काळी प्लेट.

आणि इथेच सर्वांत मोठा सापळा. टेट्रासायक्लिन स्वतः पिवळे, प्रकाश शोषणारे आणि थोडे चमकणारे आहे. शिवाय ते तंतूंवरच्या त्याच खाचांत बसून थायोफ्लेविनला हुसकावू शकते. दोन्ही वेळा आकडा घसरतो आणि आपण 'तंतू थांबले' असे लिहून मोकळे होतो. याची परीक्षा दहा मिनिटांची: औषधाशिवाय पूर्ण वाढलेल्या तंतूंत औषध घाला आणि एका मिनिटात वाचा. आकडा लगेच पडला तर ती मोडतोड नाही, झाकोळ आहे, कारण तंतू मिनिटात विरघळत नाहीत. म्हणून थायोफ्लेविनच्या निकालाला एक स्वतंत्र साक्षीदार हवाच. सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० जी ला अर्धा तास फिरवून वरच्या पाण्यातले प्रथिन मोजा, किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहा. दुसरी पद्धत पहिलीशी जुळली नाही तर दुसरीवर विश्वास ठेवा.

पुनर्संयोजित पीआरपीसाठी आरटी-क्विकचे मिश्रणच वापरा: १० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, ३०० मिलीमोलर मीठ, प्रथिन मिलीलीटरमागे ०.१ मिलीग्रॅम, थायोफ्लेविन १० मायक्रोमोलर, ईडीटीए १ मिलीमोलर, एसडीएस ०.००२ टक्के, ४२ अंश, एक मिनिट ७०० फेऱ्यांनी हलवणे आणि एक मिनिट विसावा. बीज म्हणून, म्हणजे तंतूंची वाढ सुरू करून द्यायला, स्वतःचेच आधी बनवलेले पुनर्संयोजित तंतू. टेट्रासायक्लिन धातू पकडते, तेव्हा 'परिणाम धातू ओढून घेतल्याचा तर नाही?' असा आक्षेप येणारच. धातू पकडून ठेवणारे ईडीटीए मिश्रणात आधीच १ मिलीमोलर आहे आणि तरी औषधाने फरक पडला, तर तो आक्षेप बराचसा मिटतो. प्रथिन शुद्ध करताना हिस्टिडीनची शेपटी जोडायची गरज नाही, पीआरपीतले आठ-आठ अमिनो आम्लांचे पुनरावृत्त तुकडे निकेलच्या स्तंभाला आपणच चिकटतात.

पुढे कोणा सहकारी संस्थेत पेशींवर काम करायला मिळाले तर दोन गोष्टी लिहून ठेवा. डॉक्सीसायक्लिन आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचीही प्रथिननिर्मिती दाबते, मिलीलीटरमागे काही मायक्रोग्रॅममध्येच. पेशींची वाढ मंदावली, पृष्ठभागावरचे साधे पीआरपी घटले, की प्रिऑनही घटलेले दिसतात. म्हणून प्रत्येक मात्रेला पेशींची संख्या, जिवंतपणा आणि साध्या पीआरपीची पातळी सोबत दाखवावी. दुसरे उंदरांबाबत: काही जनुकबदल केलेल्या उंदरांत पीआरपीचे जनुक टेट्रासायक्लिनच्या खटक्यावर बसवलेले असते आणि डॉक्सीसायक्लिन दिले की ते बंद होते. असे उंदीर १९९८ पासून आहेत. अशा उंदरावर डॉक्सीसायक्लिनची 'उपचार' चाचणी केली तर आजार थांबेल, औषधाच्या कोणत्याही गुणाशिवाय. उंदीर मागवताना जातीचे पूर्ण नाव वाचा.

पुनर्संयोजित म्हणजे निरुपद्रवी, असे गृहीत धरू नका. २००४ साली केवळ जिवाणूत बनवलेल्या पीआरपीच्या तंतूंनी जास्त पीआरपी बनवणाऱ्या उंदरांत आजार निर्माण झाला होता. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्या, काचेची भांडी टाळा, टोकदार वस्तू कमीत कमी ठेवा. सांडलेल्यावर आणि वापरलेल्या प्लेटांवर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड किंवा २०,००० पीपीएम क्लोरीनचे हायपोक्लोराइट तासभर, मग १३४ अंशाला १८ मिनिटे ऑटोक्लेव्ह. हायपोक्लोराइट लावलेले थेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. आधी धुवा. स्पिरिट आणि फॉर्मलिन प्रिऑनवर निरुपयोगी आहेत. फॉर्मलिनने तर ते पक्के होतात.

प्रबंधाचे शीर्षक 'प्रिऑन आजारावर टेट्रासायक्लिनचा उपचार' असे देऊ नका. 'पुनर्संयोजित पीआरपीच्या तंतुनिर्मितीवर टेट्रासायक्लिन गटाचा मात्रासापेक्ष परिणाम' एवढाच दावा तुमच्या टेबलावर सिद्ध होतो. तुलनेला मिनोसायक्लिन घ्या, ते मेंदूत जास्त शिरते, आणि आकाराने वेगळे म्हणून एरिथ्रोमायसिन नकारात्मक नियंत्रणाला. गाइडशी बोलताना एक मागणी आधीच करा: फ्लुरोसेन्सचा प्लेट रीडर सामाईक असेल तर या कामासाठी वेगळा दिवस आणि चिकटफितीने बंद केलेल्या प्लेटा. तंतूंचा एक अदृश्य थेंब यंत्रात राहिला की पुढच्या महिन्यातल्या तुमच्याच प्लेटमधल्या बीज नसलेल्या खाचा चमकू लागतात, आणि नियंत्रणच बिघडलेले असेल तर आधीच्या सगळ्या प्लेटा पुन्हा कराव्या लागतात.